कापलेली स्प्रिंग आणि उरलेली चाल: बत्तीस हजारांत स्विफ्ट खाली बसवण्याचं एक प्रकरण

गाडी २०१२ ची मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. आताच्या मालकाकडे ती आली तेव्हाच खाली बसवलेली, म्हणजे उंची कमी केलेली, होती. भांडुपला सोसायटीच्या पोडियमवर पार्किंग, रोजचा रस्ता एलबीएस मार्ग आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, सुट्टीच्या दिवशी घोडबंदर नाहीतर लोणावळा. तक्रारी तीन. पोडियमच्या रॅम्पवर माथ्याशी पोट घासतं. स्पीडब्रेकर उतरताना पुढून ‘टक्’ असा लोखंडी आवाज येतो. आणि पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला वर्षभरात तारा दिसेपर्यंत झिजले, बाहेरची कड मात्र जवळजवळ नवी.

मालकाची अट स्पष्ट होती. गाडी खालीच हवी, मूळ उंचीवर न्यायची नाही, आणि टायर सोडून सगळं काम बत्तीस हजारांत बसवायचं. मुंबईत असं काम मागणाऱ्यांपैकी बहुतेकांची परिस्थिती हीच असते: हौस खरी, पैसा मोजका, आणि गाडी रोज कामाला जुंपलेली. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं वाटतं.

आधी टेप, मग पाना

गाडी किती खाली आहे हे जमिनीपासून फेंडरपर्यंत, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंत, मोजून कळत नाही, कारण त्यात टायरचा व्यास आणि हवा दोन्ही मिसळतात. मोजायचं ते चाकाच्या मधोमध, हबच्या केंद्रापासून फेंडरच्या ओठापर्यंत. सपाट जागा, टाकी अर्धी, गाडीत कोणी नाही, आणि मोजण्याआधी गाडी दोन-तीन फूट पुढे-मागे ढकलून घ्यायची म्हणजे सस्पेन्शन मोकळं बसतं. त्याच सोसायटीत त्याच पिढीची एक हात न लावलेली स्विफ्ट होती. तिच्याशी ताडून पाहिलं तेव्हा ही गाडी पुढे ४८ मिमी आणि मागे ३० मिमी खाली निघाली. शिवाय पुढे डाव्या-उजव्यात ७ मिमीचा फरक. कारखान्यातून जोडीनं आलेल्या स्प्रिंगांत इतका फरक पडत नाही. दोन बाजूंना वेगवेगळ्या ठिकाणी काप गेल्याचा संशय तिथेच आला.

मग टायर. या व्हीएक्सआयचं मूळ माप १६५/८० आर१४, म्हणजे व्यास साधारण ६२० मिमी. आधीच्या मालकानं पंधरा इंची अलॉयवर १९५/५५ आर१५ चढवले होते, त्यांचा व्यास ५९५ मिमीच्या आसपास. व्यास २४ मिमीनं घटला की अख्खी गाडी १२ मिमी खाली येते. यात दिसायला काहीच मिळत नाही, उलट टायर आणि फेंडरमधली पोकळी वाढते. ती पोकळी भरून काढायला माणूस स्प्रिंग आणखी कापतो आणि जमिनीपासूनचं अंतर दोन्हीकडून खातो. स्पीडोमीटरही चारेक टक्के जास्त दाखवायला लागतो.

स्विफ्टचं जाहीर ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, तेही रिकाम्या गाडीचं. त्यातून पुढचे ४८ आणि टायरचे १२ वजा केले की नाकाखाली ११० मिमी उरतात. दोन चाकांच्या मधोमध, जिथे सायलेन्सरचा पाइप जातो, तिथे १२० च्या आत. तीन-चार माणसं बसली की आणखी २५ मिमी जातात. आता रॅम्प. सपाट जागा आणि उतार जिथे मिळतात त्या माथ्यावर पोटाखाली किती जागा लागते, ते व्हीलबेसवरून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावरून, काढता येतं. स्विफ्टचा व्हीलबेस २४३० मिमी धरला तर १:८ उताराच्या रॅम्पला ७६ मिमी लागतात, १:६ ला १०० मिमी आणि १:५ ला १२० मिमी. या सोसायटीचा रॅम्प १:६ च्या जवळ होता. माणसं भरलेल्या गाडीच्या पोटाखाली ९५ आणि गरज १०० ची. मालक एकटा असताना घासत नाही, घरची मंडळी बसली की घासतं, या कोड्याचं उत्तर एवढ्या वजाबाकीत होतं.

स्पीडब्रेकरचा हिशोब वेगळा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याचा गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. तो व्हीलबेसपेक्षा रुंद असल्यामुळे चारही चाकं त्याच्यावरच असतात आणि पोटाखाली जेमतेम ४३ मिमीचा फुगवटा येतो. बरीच खाली बसवलेली गाडीसुद्धा त्यावरून आरामात जाते. अडवतात ते सोसायट्यांच्या गेटवर आणि गल्लीबोळात डांबराचा ढीग ओतून केलेले अरुंद उंचवटे. तिथे पुढची चाकं उतरलेली आणि मागची चढायची असतात, त्यामुळे उंचवट्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. शिवाय पुढचं सस्पेन्शन त्या क्षणी दबलेलं असतं.

जॅकवर घेतल्यावर

गाडी स्टँडवर घेतली, पुढचं चाक काढलं आणि स्प्रिंग हातानं फिरवून पाहिली. ती गरकन फिरली. वरखाली खेळही होता, दीड इंचाच्या आसपास. चाक लटकलेलं असताना स्प्रिंग अशी सैल होणं ही खाली बसवलेल्या गाडीतली सगळ्यात गंभीर खूण. खालचं टोक गॅस कटरनं कापलेलं होतं. कापाच्या मागे चार बोटं निळसर झाक पसरलेली. तेवढ्या भागातलं पाणी, म्हणजे टेम्पर, पोलादाला दिलेला चिवटपणा, गेलेलं.

इथे थोडं गणित करायला हवं, कारण ‘एक-दीड कॉईल कापली तर काय बिघडतं’ हा प्रश्न प्रत्येक गॅरेजात विचारला जातो. उदाहरणासाठी सोपे आकडे धरू. पुढच्या एका स्प्रिंगवर २६५ किलो भार, काम करणाऱ्या कॉईल पाच, कडकपणा मिमीला १.९ किलो. म्हणजे गाडी उभी असताना स्प्रिंग सुमारे १३९ मिमी दबलेली असते. शॉकअपला खाली उघडायला ८५ मिमी चाल आहे असं धरलं, तर चाक पूर्ण लटकल्यावरही स्प्रिंग ५४ मिमी दबलेलीच राहते. ती हलत नाही, निसटत नाही.

आता दीड कॉईल कापली. प्रत्येक कॉईलचं अंतर ६० मिमी धरलं तर लांबी ९० मिमीनं कमी झाली. पण स्प्रिंगचा कडकपणा कॉईलच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाचाच्या साडेतीन झाल्या की १.९ चे २.७ होतात, जवळजवळ ४३ टक्के वाढ. तोच भार आता तिला ९८ मिमीच दाबतो. म्हणून ९० मिमी कापूनही गाडी ४९ मिमीच खाली येते. आपल्या टेपनं दाखवलेले ४८ याच्याशी जुळतात. शॉकअपला उघडायला मात्र आता ८५ अधिक ४९, म्हणजे १३४ मिमी वाव आहे आणि स्प्रिंग ९८ मिमीतच संपते. उरलेले ३६ मिमी ती मोकळी लोंबते. खड्ड्यात चाक उतरलं की स्प्रिंग बैठक सोडते आणि चाक परत वर आलं की जागेवर आपटते. स्पीडब्रेकर उतरतानाचा तो ‘टक्’ हाच. एकच कॉईल कापली असती तर गाडी ३३ मिमी खाली आली असती आणि तरीही स्प्रिंग पाच-सहा मिमी सैल झाली असती. बेतानं कापलं तरी या दोषातून सुटका नाही.

अर्धी कॉईल कापण्यात आणखी एक खोट आहे. पुढच्या शॉकअपच्या खालच्या ताटलीला एक पायरी असते, स्प्रिंगचं टोक तिला टेकायला हवं. दीड कॉईल कापली की वरचं टोक आपल्या जागी बसवल्यावर खालचं टोक पायरीच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतं. स्प्रिंग वाकडी बसते आणि शॉकअपच्या रॉडला एका बाजूनं रेटत राहते. या गाडीच्या उजव्या शॉकअपचं सील तसंच गेलं होतं, बाहेरून तेलाचा ओघळ आणि त्यावर काळी माती.

बंप स्टॉप, म्हणजे रॉडवरचा दाबाचा रबरी बफर, डावीकडे अर्धा उरला होता आणि उजवीकडे त्याचा भुगा रॉडला धुळीपासून वाचवणाऱ्या रबरी बुटात सापडला. गाडी ४८ मिमी खाली आल्यावर बफरच्या आधीची मोकळी चाल जवळजवळ संपलेली असते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला तोच मार खातो. तो फुटला की मार थेट वरच्या माउंटिंगला आणि शॉकअपच्या बुडाला. एलबीएस मार्गावरची रस्त्याच्या पातळीपेक्षा वर आलेली मॅनहोलची झाकणं आणि केबलसाठी खणून अर्धवट बुजवलेले चर हे काम फार लवकर उरकतात.

टायरचं कारण अलाइनमेंटच्या मशीनवर दिसलं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, डावीकडे उणे १ अंश ५० मिनिटं, उजवीकडे उणे १ अंश १५ मिनिटं. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते, दोन्ही चाकं मिळून ७ मिमी बाहेर. लोक कॅम्बरला दोष देतात, पण खरा खाणारा टो. प्रत्येक चाक साडेतीन मिमी बाहेर म्हणजे ६०० मिमी व्यासाचं टायर दर किलोमीटरला साडेपाच मीटरपेक्षा जास्त आडवं खरडत जातं. कॅम्बर फक्त ठरवतो की ही खरड आतल्या कडेवर पडेल. गाडी खाली आली की चाक धरणारा लोअर आर्म आणि स्टीअरिंगचा टाय रॉड यांचे कोन बदलतात, टो आपोआप सरकतो. त्या वेळी पाचशे-सातशे रुपयांचं अलाइनमेंट वाचवलं आणि दोन टायर घालवले.

पर्याय

कॉईलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी, बजेटच्या पलीकडे, तो विषय तिथेच मिटला. गॅसनं स्प्रिंग तापवून बसवणं आणि क्लॅम्प लावून कॉईल जखडणं, हे दोन्ही प्रकार चर्चेलाही घेऊ नयेत. तापवलेली स्प्रिंग कुठे थांबेल याचा भरवसा नाही आणि क्लॅम्प निसटला तर एक बाजू अचानक वर येते.

मालकाला मोह होता तो मापानं स्प्रिंग वळवून घेण्याचा. मुंबईत स्प्रिंग वळवणारे कारागीर आहेत आणि मशीनच्या स्प्रिंगा ते उत्तम करतात. पण गाडीच्या स्प्रिंगला योग्य स्प्रिंग स्टील, नेमकं पाणी देणं, त्यानंतर शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग कणखर करणं) आणि गंजरोधक कोटिंग असं सगळं लागतं. यातली शेवटची दोन कामं वगळली तर स्प्रिंग दिसायला तशीच दिसते आणि दोन पावसाळ्यांनी खरवडलेल्या जागेवरून तुटते. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर घडतं.

उरले दोन रस्ते: कंपनीच्या मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा, किंवा याच मॉडेलसाठी बनवलेल्या तयार लोअरिंग स्प्रिंगा. तयार स्प्रिंगेत एका टोकाला दोन-तीन कॉईल दाट वळलेल्या असतात. गाडी उभी असताना त्या एकमेकींवर बसलेल्या राहतात, चाक लटकलं की उघडतात आणि स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवतात. कापलेल्या स्प्रिंगेला नेमकं हेच जमत नाही. निवड झाली पुढे ३० आणि मागे २० मिमीच्या सेटची, कडकपणा मूळपेक्षा साधारण वीस टक्के जास्त. मालकाला पुढे ४० हवे होते. आमचं मत सरळ आहे: मुंबईत रोज चालणाऱ्या, मूळ धाटणीच्या शॉकअपवर राहणाऱ्या गाडीला पुढे ३० मिमीपेक्षा जास्त खाली नेऊ नये. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर बफरच्या आधीच्या चालीतून जातो आणि ती चाल इथल्या रस्त्यांवर रोज लागते.

कडकपणा वीस टक्क्यांनी वाढला की शॉकअपचा आवर, म्हणजे उसळी रोखण्याची ताकद, सुमारे दहा टक्क्यांनी वाढायला हवा, कारण तो कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लागतो. नवा मूळ शॉकअप एवढं सांभाळून घेतो. दहा वर्षं जुना, गळका शॉकअप मूळ स्प्रिंगसुद्धा सांभाळत नाही. म्हणून बजेट कितीही ओढाताणीचं असलं तरी स्प्रिंग नवी आणि शॉकअप जुना ही जोडी घालू नये. पैसे कमीच असतील तर स्प्रिंगांसाठी सहा महिने थांबावं.

टायर कसेही बदलायचेच होते. माप १८५/६५ आर१५ धरलं, याच स्विफ्टच्या झेडएक्सआयचं. व्यास ६२१ मिमी, म्हणजे गेलेले १२ मिमी परत. मागचे दोन टायर चांगले होते, ते ठेवून फक्त पुढचे बदलावेत अशी सूचना आली. पण मग मागची बाजू १३ मिमी खाली, हेडलाइट वर आणि पुढे-मागे पकड वेगळी. चारही बदलले, जुने दोन विकून टाकले.

काम सुरू करण्याआधी मालकाला कायद्याची बाजू सांगितली. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये याबाबत कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. वादातीत मार्ग एकच, मूळ मापाच्या स्प्रिंगा. हे ऐकून, समजून मालकानं ३०-२० चा सेट निवडला आणि विमा कंपनीला लेखी कळवलं.

प्रत्यक्ष काम

स्प्रिंगांचा सेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, बाकीचे मूळ पार्ट ऑपेरा हाऊसच्या बाजारातून आले. स्प्रिंग घेताना चारही दुकानातच शेजारी-शेजारी उभ्या करून जोडी-जोडीची उंची पाहावी आणि रंगाची खूण, नंबर जुळवावेत. चुकीच्या व्हेरिएंटचा डबा हातात पडणं नवं नाही. डिझेल स्विफ्टचं इंजिन जड, तिच्या पुढच्या स्प्रिंगा पेट्रोलला लावल्या तर गाडी खाली बसतच नाही.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. तरीही दोन्ही लिंक रॉडचे (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला शॉकअपशी जोडणाऱ्या सळ्यांचे) नट फिरले नाहीत, आतला बॉलच फिरत राहिला, ते ग्राइंडरनं कापावे लागले. हे गृहीत धरूनच नवे लिंक रॉड आणले होते.

पुढच्या बाजूला शॉकअप आणि नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग, यांच्या जोडावर, दोन्ही बोल्टांपाशी, पांढऱ्या रंगानं रेघ मारून घ्यावी. स्विफ्टला कॅम्बर बदलायची वेगळी सोय नाही, बोल्टच्या भोकात जो थोडा खेळ असतो तेवढाच हाताशी असतो. रेघ असली की निदान सुरुवातीची जागा हरवत नाही. ब्रेकचा पाइप शॉकअपच्या क्लिपमधून सोडवायचा. बोल्ट निघाले की नकल बाहेर झुकते, ती तारेनं बांधून ठेवायची. लोंबू दिली तर ॲक्सलचा आतला जॉइंट ओढला जाऊन सुटतो आणि शंभर रुपयांच्या तारेच्या आळसापायी गिअर ऑइल जमिनीवर येतं.

शॉकअप बाहेर काढल्यावर रॉडचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय उघडायचा नाही. या गाडीची स्प्रिंग सैलच होती, तरी कॉम्प्रेसर लावूनच उघडली. स्प्रिंगचं टोक पाहून अंदाज बांधायची सवय एखाद्या दिवशी हात किंवा चेहरा घेऊन जाते. कॉम्प्रेसरचे दोन हूक समोरासमोर, आळीपाळीनं, हातपान्यानं फिरवायचे. एअर गन वापरू नये. नवी स्प्रिंग बसवताना वरचं माउंटिंग आणि बेअरिंग नवं घातलं, टोक पायरीला टेकलं की नाही ते बोटानं चाचपलं.

बफर नवे, पण पूर्ण लांबीचे ठेवले तर ३० मिमी खाली आलेल्या गाडीला मोकळी चाल फारच थोडी उरते. स्प्रिंगसोबतच्या कागदात पुढचा बफर १५ मिमी कापायला सांगितलं होतं, तेवढाच कापला. कापायचा तो वरून, जाड सपाट बाजूनं. खालचं निमुळतं टोक मऊ असतं, दाब हळूहळू घेतं. अनेक ठिकाणी तेच टोक छाटून टाकतात आणि मग गाडी खड्ड्यात दगडासारखी आपटते. मागचे बफर कापले नाहीत.

मागे काम सोपं. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम, आहे, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. बीमखाली जॅक, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले, जॅक हळूहळू उतरवला आणि स्प्रिंगा हातानं निघाल्या. उतरवताना ब्रेकच्या पाइपांवर आणि हँडब्रेकच्या केबलवर लक्ष ठेवायचं, ताण येतोय असं दिसलं की थांबायचं. वरचे-खालचे रबरी ताट नवे घातले. जुने चपटे झाले होते.

यानंतरची पायरी निम्म्याहून जास्त ठिकाणी गाळली जाते. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुश रबराचे असतात आणि आतली नळी बोल्टनं आवळलेली असते. आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. बोल्ट जुन्या उंचीवर, किंवा चाक लटकलेलं असताना आवळलेला असेल तर नव्या उंचीवर ते रबर कायम पिळलेलंच राहतं. गाडी चरचरते, बुश वर्षभरात फाटतो, आणि पिळाच्या जोरावर गाडी काही मिमी वर अडकून राहते, ती नंतर बसते आणि अलाइनमेंट बिघडवते. म्हणून चाकं लावून गाडी पिटवर घेतली, पुढे-मागे हलवली, चारही कोपरे दाबले, आणि मग आर्मचे व बीमचे बोल्ट सैल करून पुन्हा मॅन्युअलप्रमाणे टॉर्क पान्यानं आवळले.

अलाइनमेंट दोनदा केलं. पहिलं लगेच, फक्त टो, नवे टायर वाचावेत म्हणून. दुसरं चारशे किलोमीटरनंतर, स्प्रिंगा बसल्यावर. तोवर पुढची बाजू आणखी ४ मिमी खाली आली होती. शेवटचे आकडे: कॅम्बर डावीकडे उणे ५० मिनिटं, उजवीकडे उणे ४५, टो शून्याच्या आसपास. गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट जुळवले.

खर्च

स्प्रिंगांचा सेट १३,५००. पुढचे दोन शॉकअप ४,८००, मागचे दोन २,८००. माउंटिंग आणि बेअरिंगची जोडी १,९००. बफर आणि धुळीचे बूट १,२००, मागचे रबरी ताट ६००, लिंक रॉड १,४००. मजुरी ३,५००, दोन अलाइनमेंट मिळून १,३००. एकूण ३१,०००. दर दुकानागणिक बदलतील, प्रमाण फारसं बदलणार नाही: स्प्रिंगांवर निम्म्याहून कमी, बाकी सगळं त्यांना नीट काम करता यावं म्हणून. कोणी वीस हजारांत हेच काम सांगितलं तर काय वगळलंय ते एकेक नावानं विचारावं. बहुतेक वेळा शॉकअप किंवा माउंटिंग वगळलेलं असतं.

नंतर काय झालं

पोटाखाली रिकाम्या गाडीचे १४५ मिमीच्या आसपास, चार माणसांसह १२०. रॅम्पचा माथा घासणं थांबलं. ‘टक्’ गेला. पेव्हर ब्लॉकवर हळू जाताना गाडी मूळपेक्षा कडक लागते, ते राहणारच. हायवेला लेन बदलताना अंग कमी टाकते.

चाल खरोखर किती वापरली जाते हे पाहायला मागच्या शॉकअपच्या रॉडला एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधली होती. रॉड आत गेला की टाय ढकलली जाते आणि सगळ्यात जास्त दाब कुठवर गेला ते तिथे थांबून दाखवते. एक-दोन माणसांच्या रोजच्या वापरात ती बफरपर्यंत पोहोचली नाही. पाच माणसं आणि सामान घेऊन लोणावळ्याला गेल्यावर पोहोचली, बफर दहाएक मिमी दबल्याची खूण मिळाली. नुसती दोन माणसं मागे बसली तरी मागची बाजू सुमारे २५ मिमी दबते, आणि आता सुरुवातच २० मिमी खालून होते. हा या निवडीचा उरलेला तोटा. पूर्ण भरलेल्या गाडीला वेग कमी ठेवणं आणि मागच्या टायरांत दारावरच्या स्टिकरवर भारासाठी दिलेली हवा भरणं, एवढंच त्यावर करता येतं.

पावसाळ्याबद्दल मालकाला वेगळं सांगावं लागलं. इंजिनात हवा घेणारं तोंडही ३० मिमी खाली आलंय. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी शेजारची मूळ उंचीची स्विफ्ट निघाली म्हणून ही निघेलच असं नाही. पाणी हबच्या वर असेल तर गाडी घालायची नाही.

सहाशे किलोमीटरनंतर पुढून उजवीकडे बारीक खडखड सुरू झाली. मालकाला वाटलं पुन्हा स्प्रिंग सैल झाली. निघाला लिंक रॉडचा वरचा नट, अर्धा फेरा ढिला. नव्या रबरांच्या आणि नव्या रंगाच्या पृष्ठभागावर आवळलेला नट पहिल्या काही दिवसांत थोडा बसतो, म्हणून पाचशे किलोमीटरला सगळे नट एकदा टॉर्क पान्यानं तपासायचे असतात. ती तारीख इथे शंभर किलोमीटरनं हुकली होती. त्याच दिवशी सगळे तपासले, बाकीचे जागेवर होते.

कापलेल्या जुन्या स्प्रिंगा भंगारात देण्याआधी ग्राइंडरनं मधोमध कापून त्यांचे दोन-दोन तुकडे केले. अख्ख्या दिल्या असत्या तर ‘लोअरिंग स्प्रिंग, वापरलेली’ म्हणून त्या दुसऱ्या कुणाच्या स्विफ्टखाली गेल्या असत्या.